पहिल्या एल्क शिकारीची तयारी (कोलोरॅडो) : अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे

रानजाई | ८ जून

नमस्कार मंडळी. हा विषय इथे थोडा वेगळा आहे, पण नेमकं मराठीतून विचारता येईल अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, गेली सोळा वर्षं फोर्ट कॉलिन्सला राहते. शेजारी एकाहत्तर वर्षांचे एक आजोबा आहेत. ते दर वर्षी एल्कच्या शिकारीला जातात, आणि गेली पाच-सहा वर्षं त्यांच्याकडचं मटण आमच्या घरी येतं. एकदा मी त्यांना म्हटलं, "मी आयुष्यभर मटण खाल्लं, पण एकदाही स्वतः जनावर मारलेलं नाही. हे मला नीट वाटत नाही." ते म्हणाले, "मग चल की."

त्यांचं बोलणं मी खरंच मनावर घेतलं. मागच्या हिवाळ्यात हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत तो लागतो). एप्रिलच्या सुरुवातीला ड्रॉसाठी (शिकार परवान्यांची सोडत) अर्ज भरला आणि आता नाव लागलं आहे. मादी एल्कचा टॅग (एक जनावर मारायचा परवाना), दुसरा रायफल सीझन, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीचे नऊ दिवस. जागा फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूला, मीकर गावाच्या वर.

ज्यांना एल्क म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी : हे आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण, काश्मीरच्या हंगुलाचं जवळचं नातलग. मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास, नर तीनशेच्या वर.

माझ्याकडे .३०८ रायफल आहे. रेंजवर पाच-सहा वेळा जाऊन आले. प्रश्न असे :
१. .३०८ पुरेल का, की .३०० विन मॅग (जास्त जोरदार काडतुसाची रायफल) घ्यावी?
२. दुर्बीण कोणती?
३. कॅमोफ्लाज कपड्यांवर किती खर्च करावा?

---

पाठीवरचं_बिऱ्हाड | ८ जून

रानजाई, अभिनंदन. मी मोंटानात आहे, बारा वर्षं शिकार करतो. सुरुवातीची तीन वर्षं रिकाम्या हाताने परत आलो, तेव्हा माझ्या सल्ल्याची किंमत तेवढी धरा.

तुमचे तिन्ही प्रश्न दुकानातले आहेत. मी एकच उलटा प्रश्न विचारतो. समजा पहिल्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता, गाडीपासून चार किलोमीटरवर आणि हजार फूट खाली घळीत, तुमची मादी पडली. अंधार व्हायला तासभर उरलाय. ते मांस वर कसं आणणार? कोण उचलणार? किती खेपा लागणार? दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर?

याचं उत्तर आधी कागदावर लिहा. रायफलचं नंतर बोलू.

---

रानजाई | ९ जून

दादा, खरं सांगू? यावर मी विचारच केला नव्हता. डोक्यात फक्त नेम होता. आजोबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी एकाहत्तर वर्षांचा आहे. एक फरा मी आणीन, बाकी तुझं." मांस किती निघेल साधारण?

---

पाठीवरचं_बिऱ्हाड | ९ जून

मादीचं हाडं काढलेलं मांस साधारण सत्तर किलो. हाडासकट एक मागचा फराच वीस-पंचवीस किलोचा असतो. एका माणसाने एका खेपेत वीस-पंचवीस किलो, तेही चढावर आणि दहा हजार फुटांच्या आसपासच्या हवेत, हेच खूप झालं. म्हणजे दोघांच्या किमान दोन खेपा, एकटीच्या तीन-चार.

कायदाही इथे स्पष्ट आहे. चारी फऱ्यांचं मांस आणि पाठीच्या कण्याला बाहेरून-आतून लागून असणारं मऊ मांस टाकून येता येत नाही. टाकलं तर तो गुन्हा. मला विचाराल तर कायदा नसता तरी तो गुन्हाच आहे.

म्हणून माझा नियम असा : जिथून मांस काढता येणार नाही, तिथे बंदूक खांद्याला लावायचीच नाही. जनावर कितीही सुंदर उभं असो. सकाळी निघतानाच नकाशावर रेघ मारायची, या घळीच्या पलीकडे आज काही दिसलं तरी फक्त बघायचं.

आता तयारी. आजपासून साडेचार महिने आहेत. भारतीय दुकानात बासमतीची वीस पौंडांची पिशवी मिळते, ती पाठपिशवीत घाला आणि आठवड्यातून तीनदा चढाव चढा. ऑगस्टमध्ये दोन पिशव्या. फोर्ट कॉलिन्सला हॉर्सटूथचा डोंगर दारातच आहे तुमच्या. पाय उतरताना जातात, चढताना नाही, तेव्हा वजन घेऊन *उतरण्याचा* सराव मुद्दाम करा.

बूट आत्ताच घ्या. ऑक्टोबरमध्ये घेतलेले कोरे बूट म्हणजे दुसऱ्या दिवशी फोड आणि तिसऱ्या दिवशी तंबू.

---

तळ्याकाठी | ९ जून

वाचलं आणि बराच वेळ अस्वस्थ होते. टोमणा मारायचा नाहीये, मनापासून विचारते. दुकानात सगळं मिळत असताना एक मोकळं, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेलं जनावर मारायला जायची गरज काय? आपल्याकडे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला म्हणून तर थोडंफार रान वाचलं.

---

रानजाई | १० जून

ताई, विचारलंत ते बरं केलंत. मी भारतात असते तर हा विचारही केला नसता, आणि तो कायदा मला मान्यच आहे. इथलं गणित वेगळं आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले होते, बाजारात मांस विकणाऱ्यांनी संपवले होते. १९१२ पासून पुढे वायोमिंगहून कळप आणून इथे सोडले. आज जगातला सगळ्यात मोठा एल्कचा साठा या राज्यात आहे, अडीच लाखांच्या वर. किती टॅग द्यायचे हे कळपांची मोजणी करून ठरतं. परवान्यांच्या पैशातून वन्यजीव खातं चालतं. शिवाय १९३७ च्या एका कायद्यामुळे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. आणि रानातल्या शिकारीचं मांस विकायला बंदी आहे. जे एल्क संपले ते बाजारामुळे, म्हणून बाजारच बंद केला.

पण हे सगळं "चालतं का" याचं उत्तर झालं. "गरज काय" याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच की मी मटण सोडणार नाहीये, आणि माझ्या ताटातलं एक तरी जनावर कसं मेलं हे मला स्वतःला माहीत असावं असं वाटतं. हे तुम्हाला पटेलच असं नाही, आणि ते ठीक आहे.

---

वऱ्हाडी_माणूस | १० जून

आमच्या यवतमाळकडे रोही आणि रानडुकरं शेतात शिरतात. हरभरा पेरला की रात्र रात्र जागल करावी लागते, मळ्यावर मचाण बांधून. त्यामुळे तळ्याकाठी ताईंचं म्हणणं मला समजतं, पण माझ्या मनात जनावराबद्दल राग आणि माया दोन्ही एकदमच असतात.

माझ्या आजोबांजवळ ठासणीची बंदूक होती. बहात्तरनंतर ती खुंटीला लागली ती लागलीच. ते एकच गोष्ट सांगायचे, ती रानजाईताईंना सांगतो. बार झाल्यावर जागचं हलायचं नाही. चिलीम भरायची, ओढायची, विझवायची, मग उठायचं. घायाळ जनावराच्या मागे लगेच धावलं की ते भीतीनं मैलभर जातं. बसू दिलं तर जवळच पडतं.

---

पाठीवरचं_बिऱ्हाड | १० जून

वऱ्हाडी भाऊ, तुमच्या आजोबांची चिलीम म्हणजे आमची अर्ध्या तासाची शिस्त. अगदी तेच. त्यात एक भर घालतो : गोळी लागली त्या जागी आधी झाडाला फडकं बांधा, मगच माग काढा. रक्त लालसर-गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, जनावर जवळच आहे. गडद काळपट लाल असेल तर यकृत, दोन-तीन तास थांबा. हिरवट काही दिसलं, वास आला, तर पोटात लागलंय. तिथे सहा-आठ तास थांबावंच लागतं, आणि तो दिवस तुम्ही जन्मभर विसरत नाही. माझ्या हातून एकदा झालंय. सापडली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यानंतर मी माझं अंतर दोनशे यार्डांवर आणलं आणि तिथेच ठेवलं.

आता रायफल. .३०८ भरपूर झाली. तुमच्या राज्यात एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात) आणि ८५ ग्रेनची (गोळीच्या वजनाचं माप), लागल्यावर फुलणारी गोळी लागते, तुमची त्याच्या कितीतरी वर आहे. .३०० विन मॅगचा धक्का बसला की नवखा माणूस चाप ओढतानाच डोळे मिटतो. जी रायफल चालवायची भीती वाटत नाही तीच घ्यावी.

सराव असा करा. दोनशे यार्डांवर शून्य लावा, म्हणजे तिथे गोळी बरोबर नेमावर पडेल अशी रायफल जुळवा (तुमच्या काडतुसाला तीनशेवर गोळी साधारण आठ-नऊ इंच खाली जाते, तेव्हा तीनशेचा विषय सोडून द्या). मग टेबल सोडा. डोंगरात टेबल नसतं. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधारावर, पाठपिशवीवर रायफल टेकवून मारा. वीस उड्या मारून, धाप लागलेली असताना मारा. लक्ष्य म्हणून जेवणाची कागदी ताटली. आणि दिवसाची *पहिली* गोळी वहीत लिहा, बाकीच्या नाही. डोंगरात तुम्हाला तीच एक मिळणार आहे. ज्या अंतरावर दहापैकी दहा दिवस पहिली गोळी ताटलीत पडते, ते तुमचं अंतर. हे घरी ठरवायचं. तिथे जनावर समोर आल्यावर मन स्वतःशी खोटं बोलतं.

कॅमोफ्लाजवर खर्च करू नका. रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी घालावंच लागतं, टोपीसकट. तेही सलग रंगाचं, केशरी कॅमोफ्लाज चालत नाही. एल्कला केशरी आपल्यासारखं दिसत नाही. त्याला दिसते ती हालचाल, आणि त्याला कळतो तो वास.

---

नवखा | १४ जून

एक शंका. मी एच-वन-बीवर आहे, टेक्ससमध्ये. मला कुणीतरी सांगितलं की आपल्याला बंदुकीला हात लावता येत नाही. खरं आहे का?

---

रानजाई | १४ जून

कोर्समध्ये हे विचारलं गेलं होतं. संघीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक *आणि काडतुसं* दोन्ही बाळगायला मनाई आहे. पण त्याला अपवाद आहे : अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर चालतं. म्हणजे आधी परवाना, मग बंदूक. उलट क्रम नको. मित्रासोबत नुसतं रेंजवर जाऊन मारायलाही हा नियम लागतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. तरी व्हिसाचा मामला आहे, मंचावरच्या उत्तरावर विसंबू नका, एकदा वकिलाला विचारा.

---

पशुवैद्य | १५ जून

नाशिकला प्रॅक्टिस करतो, शिकारीतलं काही कळत नाही, पण हरणांच्या एका रोगाबद्दल लिहितो कारण तो तुमच्याच गावाशी जोडलेला आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या एका संशोधन केंद्रात पाळलेल्या हरणांमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला. जंतू किंवा विषाणू नाही, विकृत घडी पडलेलं प्रथिन असतं, प्रायॉन. ते शिजवून नष्ट होत नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा. माणसाला हा रोग झाल्याची एकही खात्रीशीर नोंद नाही, पण रोग निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

तेव्हा मुंडी टाकून येऊ नका. तपासणीसाठी घशामागच्या लसिका ग्रंथी लागतात. मेंदू, पाठीचा मणका, प्लीहा यांना सुरी लावू नका, हातमोजे घाला, आणि निकाल येईपर्यंत त्या जनावराची पाकिटं वेगळी ठेवा.

दुसरं, शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात. मागे उरलेली आतडी गरुड खातात, शिसं त्यांच्या पोटात जातं. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या बंद केल्या आहेत. तांब्याची मिळत असेल तर तीच घ्या.

---

रानजाई | १५ जून

डॉक्टर, खूप आभार. तांब्याची गोळी घेते. आणि तिच्यावरच सराव करते, कारण प्रत्येक गोळी नळीतून वेगळी जाते असं आजोबा सांगतात.

---

गुंजवणी | २ जुलै

वाचतेय. रानजाई, डोंगरात खाणार काय? आम्ही सह्याद्रीत भटकणारे त्याचीच तयारी आधी करतो.

---

रानजाई | ३ जुलै

दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू. आजोबांना मागच्या वर्षी डिंकाचा लाडू दिला होता, त्यांनी या वर्षी स्वतःहून मागितलाय. रात्री खिचडीचं तयार मिश्रण, वर भरपूर तूप. अस्वलं असतात, त्यामुळे खाणं तंबूत ठेवायचं नाही. (२०२३ च्या डिसेंबरात राज्याने लांडगेही परत आणून सोडलेत, ते दिसले तर भाग्यच म्हणेन.)

---

पाठीवरचं_बिऱ्हाड | २० ऑगस्ट

वाऱ्याबद्दल लिहायचं राहिलं होतं आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. डोंगरात वारा दिवसातून दोनदा फिरतो. पहाटे गार हवा जड होऊन उताराने खाली वाहते. ऊन लागलं की तापलेली हवा वर चढायला लागते. संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणजे पहाटे कळपाच्या वरच्या अंगाला बसलात तर तुमचा वास थेट त्यांच्या नाकात. पहाटे खालून किंवा आडव्या अंगाने जा, उन्हं आल्यावर वरच्या अंगाला सरका. बाटलीत टाल्कम पावडर ठेवा, दर पाच मिनिटांनी एक फूस. डोळ्याला चुकवता येतं, कानाला चुकवता येतं, नाकाला नाही.

आणखी एक. तुमच्या राज्यात खासगी जमिनीवर पाटी असायलाच हवी असं नाही. हद्द ओळखणं ही शिकाऱ्याचीच जबाबदारी. फोनमध्ये हद्दींचा नकाशा रेंज नसताना चालेल असा आधीच उतरवून ठेवा, आणि सॅटेलाइट मेसेंजर (फोनला रेंज नसतानाही निरोप पाठवणारं यंत्र) भाड्याने का होईना, घ्याच.

---

रानजाई | १२ ऑक्टोबर

तयारीचा हिशोब. चाळीस पौंड घेऊन हॉर्सटूथ दोन तास वीस मिनिटांत वर-खाली. जूनमध्ये वीस पौंडांना गुडघे बोलत होते. पहिल्या गोळीची वही भरली आहे : बसून, काठ्यांवर, १८० यार्डांपर्यंत सगळ्या ताटलीत. दोनशेला चारदा बाहेर. म्हणजे माझं अंतर १८०, दोनशे नाही.

हाडावरून मांस सोडवायचा सराव कसा करावा कळत नव्हतं. शेवटी ओळखीच्या एका शेतावरून अख्खा बोकड घेतला आणि यजमान, मी आणि आजोबा, तिघांनी अंगणात उभा टांगून सोलला. सांधा कुठे आहे हे सुरीने नाही, बोटाने शोधायचं असतं, हे त्या दिवशी कळलं.

कपडे : सुती काहीही नाही, ओलं झालं की अंग गारठतं. मेरिनो लोकरीचा आतला थर, वर फ्लीस, वर पाऊस-बर्फाचं जाकीट. मांसासाठी पाच जाळीदार पिशव्या, दोन सुऱ्या, हातमोजे, दोरी, कपाळावरचे दोन दिवे. गाडीत बर्फाच्या दोन मोठ्या पेट्या. सीझनच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी निघतोय.

---

तळ्याकाठी | १२ ऑक्टोबर

सुखरूप जा, सुखरूप या. माझं मत बदललं नाही, पण तुम्ही हे किती गांभीर्याने करताय ते वाचतेय.

---

रानजाई | ५ नोव्हेंबर

परत आलो. सविस्तर लिहिते.

पहिल्या पहाटे उणे आठ अंश. आम्ही ठरवून खालच्या अंगाने निघालो, पण वाटेत एक गळून पडलेल्या झाडांचा पट्टा लागला, तो टाळायला मी वरून वळसा घेतला. दादा, तुम्ही लिहिलं होतं, मी वाचलं होतं, तरी घेतला. पावडर उडवली तेव्हा ती सरळ खाली गेली, जिथे कळप होता तिकडे. दोन मिनिटांत खालच्या अॅस्पेनच्या झाडीत फांद्या मोडल्याचे आवाज आणि मग काही नाही. सगळा कळप गेला. दोन वळणं वाचवायला सगळी सकाळ गमावली.

दुसऱ्या दिवशी बर्फ. फक्त पाऊलखुणा आणि लेंड्या. लेंड्या ताज्या, बर्फावर वाफाळलेल्या खड्ड्यात बसलेल्या. आजोबा म्हणाले, उद्या इथेच.

तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता निघालो, या वेळी लांबून. उजाडायच्या आधी एका टेकाडाच्या कडेला बसलो. सव्वासात वाजता सात माद्या आणि तीन पाडसं चरत चरत बाहेर आली. अंतर २४०. आजोबा काहीच बोलले नाहीत, मीही नाही. वीस मिनिटं तशीच बसले, हात सुन्न. मग पुढची एक मादी तिरकी चालत आमच्याकडे आली, १६५ वर आडवी उभी राहिली. तिच्या मागे दुसरी होती. गोळी आरपार जाऊन तिला लागली असती. थांबले. ती बाजूला झाली. पुढच्या पायाच्या मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरला आणि चाप ओढला.

ती उडी मारून झाडीत गेली. मी उठायला लागले तर आजोबांनी खांद्यावर हात ठेवला. वऱ्हाडी दादा, तुमच्या आजोबांची चिलीम आठवली. आम्ही डिंकाचा लाडू खाल्ला. घड्याळात बरोबर अर्धा तास. मग माग काढला. रक्त गुलाबी, फेस असलेलं. साठ-सत्तर पावलांवर ती पडलेली होती.

आजोबांनी टोपी काढली. मी तिच्या मानेवर हात ठेवला. अजून गरम होती. मी रडले. ते रडणं कसलं होतं हे मला अजून नीट सांगता येत नाही, आणि आता शोधायचंही नाही.

टॅगवर सही केली, तारीख टाकली. मग तीन तास काम. पोट न उघडता, एका अंगाने कातडं सोलून फरे सोडवायची पद्धत आजोबांनी दाखवली. एका फऱ्याला सडाचा भाग तसाच ठेवला, कारण मादी आहे हे ओळखू येईल असा अवयव मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे असा नियम आहे. प्रत्येक भाग पिशवीत घालून सावलीत फांदीला टांगला. कातडं काढायला उशीर झाला तर मांडीच्या हाडाशी मांस आंबतं, थंडीतसुद्धा, म्हणून घाई तिथे करायची.

गाडी अडीच किलोमीटर. आजोबांनी शब्द दिल्याप्रमाणे एका पुढच्या फऱ्याचं मांस आणलं आणि मग गाडीशी थांबले. बाकीच्या तीन खेपा माझ्या, चौथी मुंडी आणि कातड्यासाठी. शेवटची खेप रात्री पावणेआठला. बासमतीच्या पिशव्या कामाला आल्या.

---

पाठीवरचं_बिऱ्हाड | ५ नोव्हेंबर

मागची दुसरी मादी दिसली आणि तुम्ही थांबलात, ते वाचून मी खुर्चीतून उठलो. त्याचा सराव कुठल्याच रेंजवर होत नाही. शाब्बास ताई.

---

तळ्याकाठी | ६ नोव्हेंबर

एक विचारते, राग मानू नका. तीन पाडसं होती म्हणालात. त्यातलं एखादं तिचं होतं का?

---

रानजाई | ६ नोव्हेंबर

राग कसला. हाच प्रश्न मी परतीच्या वाटेवर आजोबांना विचारला. मी मारली तिला सडात दूध जवळपास नव्हतं, पण असू शकतं, तिचं असेलही. मे-जूनमध्ये जन्मलेली पाडसं आता पाच महिन्यांची आहेत, चरतात, कळपासोबत राहतात आणि जगतात. आणि माजाचा काळ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संपलेला, म्हणजे ती बहुधा गाभणही होती. माद्यांचे टॅग देतात ते कळपाची वाढ आवरायलाच, त्याचा अर्थ हाच. अर्ज भरताना मला हे माहीत होतं. पण माहीत असणं आणि तिच्याशेजारी गुडघ्यावर बसलेलं असणं यात फरक आहे. तुम्ही विचारलंत म्हणून इथे लिहिलं गेलं, नाहीतर मी कदाचित गाळलं असतं.

---

तळ्याकाठी | ६ नोव्हेंबर

गाळलं नाहीत, त्याबद्दल आभार.

---

नवखा | ९ नोव्हेंबर

ताई, थोडं मटण विकत द्याल का? कुरिअरचा खर्च माझा.

---

रानजाई | ९ नोव्हेंबर

विकता येत नाही, गुन्हा आहे. या बाजूला आलात तर जेवायला या, तेवढं चालतं. आधी तपासणीचा निकाल येऊ दे.

---

रानजाई | २४ नोव्हेंबर

निकाल आला. रोग आढळला नाही. डॉक्टर, पाकिटं तोपर्यंत वेगळीच ठेवली होती.

काल पहिलं पाकीट काढलं, आज शिजवलं. खांद्याचं मांस, आलं-लसूण-हळद लावून रात्रभर ठेवलेलं. कांदा-खोबऱ्याचं वाटण, घरचा कांदा-लसूण मसाला. सूचना : या मांसाला चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे बोकडापेक्षा तेल थोडं जास्त घाला आणि शिजवताना घाई करू नका. कुकरला तीन शिट्ट्यांनी चिवट राहिलं, मग मंद आचेवर आणखी पंचवीस मिनिटं ठेवलं तेव्हा मऊ झालं. पाठीचं मांस मात्र कुकरला अजिबात लावू नका. तव्यावर तूप, मीठ, मिरपूड, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं, बस.

आजोबांना भाकरी आणि सुकं डब्यातून दिलं. ते दारातच उभे राहून जेवले.

---

वऱ्हाडी_माणूस | २४ नोव्हेंबर

खिमा केला तर त्यात बोकडाची थोडी चरबी मिसळा ताई, नाहीतर कोरडा होईल. आमच्याकडे हाडांचा रस्सा ज्वारीच्या पिठाने दाट करतात, तोही करून बघा.

---

रानजाई | २५ नोव्हेंबर

हाडं डोंगरातच राहिली, दादा, मांस तिथेच सोडवलं होतं. एक मागच्या पायाची नळी तेवढी आणली आहे, सडाचा भाग ज्या फऱ्याला ठेवला होता त्याची. रविवारी तिचाच रस्सा करते. ज्वारीचं पीठ घरात आहे.